घोडो माती खाता

सिंधुदुर्गात घोडा म्हटला की तो लाकडाचा असतो. सावंतवाडीच्या चितारआळीत तो मिळतो, लाल-पिवळा, चाकांवर उभा, दोरी बांधून ओढायचा. दुसरा घोडा शिमग्यात दिसतो, तोही पलीकडे, गोव्याच्या सत्तरी-डिचोलीत. तिथे घोडेमोडणी चालते. नाचणारा गडी कमरेला घोड्याचं मुंडकं बांधतो, हातात तलवार घेतो आणि स्वतःच घोडा, स्वतःच स्वार होतो. या दोन्ही घोड्यांची मोठी सोय अशी की त्यांना खायला घालावं लागत नाही. लाकडाच्या घोड्याला फार तर वाळवी लागते आणि मोडणीतला घोडा रात्री घरी जाऊन भात जेवतो.

म्हणून आमच्या भाईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या आतेभावाने, इन्सुलीत खराखुरा, लीद टाकणारा घोडा आणला, तेव्हा गावात त्या विषयावरचा एकही जाणकार नव्हता. याचा परिणाम उलटा झाला. गाई-म्हशींबद्दल आमच्याकडे कुणी सहसा तोंड उघडत नाही, कारण समोरच्याच्या गोठ्यातही चार गुरं असतात आणि थाप लगेच पकडली जाते. घोड्याबद्दल ती भीती नव्हती. पहिल्या आठवड्यातच वाडीत घरटी एक अश्वतज्ज्ञ तयार झाला.

घोडा आणला तो सारंगखेड्याहून. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. भाईंचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. बेंजो पार्टी, फेटे, नवरदेवाची खुर्ची, धूर सोडणारं यंत्र, सगळं घरचं; फक्त घोडा कोल्हापूरहून भाड्याने आणावा लागे आणि त्याचं भाडं घाट उतरताना वाढत जाई. तेव्हा आपलाच असलेला बरा, असा विचार करून भाई महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला गेले आणि एक नुकरा, म्हणजे नखशिखांत पांढरा घोडा, टेम्पोत घालून घेऊन आले. विकणाऱ्याने भाईंना घोड्याची साद्यंत माहिती दिली होती. भोवरे कुठे आहेत, देवमण आहे की नाही, ढोलाच्या कुठल्या ठेक्यावर पाय उचलतो, फटाक्यांना बुजतो का. घोडा काय खातो, एवढंच त्याने सांगितलं नाही आणि भाईंनी विचारलं नाही. घोडा गवत खातो, यात विचारायचं काय?

घोड्याचं नाव बादल. आत्याने पहिल्या दिवशीच त्याचा ‘बादलो’ केला. लग्नसराईत बादलोने नाव काढलं. बांद्यापासून कुडाळपर्यंत वराती केल्या. एका वरातीत तर तो इतका नाचला की नवरदेवाला उतरवल्यावर त्याच्या मामांनी आधी लिंबू-सरबत पाजलं आणि मगच मंडपात नेलं. भाईंनी डायरी घातली. पुढच्या वर्षीचे मुहूर्त बघायला पंचांग आणलं. आणि मग तो दिवस उजाडला, ज्याचा हिशेब भाईंनी सारंगखेड्यात केलेला नव्हता. आषाढी एकादशी झाली, देव झोपले, लग्नं थांबली आणि घोडा बेकार झाला.

त्यात आमच्याकडचा पाऊस. सिंधुदुर्गात तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकून घेतो. खानदेशातल्या घोड्याने एवढं पाणी आयुष्यात पाहिलेलं नसणार. तो गोठ्यात म्हशीशेजारी बांधलेला. म्हैस रवंथ करत बसे, तिला पोटातलं पुन्हा तोंडात आणून वेळ घालवता येतो. घोड्याला ती कला नाही. बादलो पागोळ्या बघत उभा राही. आणि एका सकाळी आत्याचा आरडाओरडा ऐकू आला,

“रे झिला, धाव! घोडो माती खाता!”

जाऊन बघतो तर खरंच. गोठ्याच्या कडेच्या मेरेला, म्हणजे बांधाला, त्याने तोंड लावलं होतं. नुसतं हुंगत नव्हता. ओठांनी उकरून, दातांनी खरवडून, चवीने चावत होता. पांढऱ्याशुभ्र तोंडाला आमची तांबडी माती लागल्यामुळे तो पान खाऊन आल्यासारखा दिसत होता. भाईंचा चेहरा पडला. पांढऱ्या घोड्याचे पैसे जास्त मिळतात ते पांढरेपणाचे, आणि हा पुढून गेरू लावल्यासारखा रंगला होता.

हाकलला तर दुसऱ्या मेरेला लागला. मेरेवर फळ्या ठोकल्या तर गोठ्याची जुनी मातीची भिंत चाटायला लागला. भिंतीला झापं बांधली, त्याने झापं खाल्ली आणि मग भिंत चाटली.

इथून निदानाला सुरुवात झाली. (बाळकृष्णाने माती खाल्ल्याची गोष्ट मला एकूणएक सगळ्यांनी सांगितली, त्यामुळे ती इथे पुन्हा सांगत नाही.) आत्या म्हणाली, हे डोहाळे. घोडा नर आहे, हे तिच्या लक्षात आणून दिलं तेव्हा ती म्हणाली, “मगे कोणाची तरी नजर.” रेडीच्या खाणीवर आयुष्य काढलेले आमच्या शेजारचे काका म्हणाले, त्याला लोह कमी पडतंय. रेडीची तांबडी माती जहाजं भरभरून परदेशी गेली ती काय उगाच? तिच्यात लोखंड असतं, जनावराला ते कळतं. शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात, त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. मुंबईहून चाकरमानी मामांनी फोनवरून सांगितलं की हा सगळा गॅसचा प्रकार आहे आणि आपण स्वतः रोज सकाळी उपाशीपोटी काय घेतो ते घोड्यालाही द्यावं. निवृत्त गुरुजींना रक्तदाब आहे. त्यांनी गोठ्यात येऊन घोड्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि बजावलं, “काही द्या, पण मीठ देऊ नका. मीठ हे पांढरं विष.” गुरुजींच्या हाताखाली अर्धा गाव शिकलेला. म्हशीच्या अंबोणात आत्या मिठाचा खडा टाकते, तोसुद्धा घोड्याच्या बाबतीत बंद झाला.

प्रत्येकाने आपापल्या कपाटातलं औषध घोड्याला दिलं. त्याच्या पुढ्यात काय आहे, ते मात्र कुणी वाकून पाहिलं नाही.

पुढ्यात काय होतं? भाताचा पेंढा. शिवाय भाताचा कोंडा, आणि उरलेली पेज. म्हशीला जे, तेच घोड्याला. आत्याच्या दृष्टीने यात पंक्तिभेद नव्हता, ही तिची थोरवीच.

या बाबतीत आत्याच्या मागे फार मोठी परंपरा उभी आहे, हे मला नंतर कळलं. तेराव्या शतकात मार्को पोलो पूर्व किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याने पाहिलं की तिथले राजे दरसाल हजारोंनी अरबी घोडे विकत घेतात आणि ते पटापट मरतात. त्याने कारणही लिहून ठेवलंय. तिथले लोक घोड्यांची निगा राखायला जाणत नाहीत आणि त्यांना शिजवलेला भात नि मांस खायला घालतात. म्हणजे पाहुण्याला आपल्याकडचं उत्तम ते वाढायचं. पाहुणा जगतो की मरतो, तो त्याचा प्रश्न. कौटिल्य तर त्याच्याही पुढचा. अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात त्याने उत्तम घोड्याचं रोजचं पान मांडून दिलंय. दोन द्रोण धान्य, एक प्रस्थ तेल, पाच पलं मीठ, पन्नास पलं मांस, वर तोंडाला चव यावी म्हणून पाच पलं गूळसाखर, आणि जेवणानंतर एक प्रस्थ सुरा, नाहीतर दुप्पट दूध. यातली सुरा वाचून भाईंचे डोळे चमकले. पण इन्सुली हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर उत्पादन शुल्काच्या तपासणी नाक्यासाठी प्रसिद्ध आहे. गोव्याहून येणाऱ्या गाड्यांच्या सीटखालून, भाजीच्या क्रेटखालून, कुठून कुठून त्या नाक्यावर बाटल्या निघतात. “साहेब, घोड्यासाठी आहे, कौटिल्याने लिहून दिलंय,” हे कारण आजवर तिथे कुणी सांगितलेलं नसावं, आणि पहिला मान भाईंनी घ्यावा असं आम्हाला वाटेना.

त्या यादीतलं पाच पलं मीठ मात्र आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि सगळेच त्याच्या पुढे गेलो. सुरेकडे लक्ष असताना मिठाकडे कोण बघतो?

कुणीतरी म्हणालं, घोड्याला कुळीथ घाला. हे खरं होतं. घाटावर, दक्षिणेत, पलटणीत, पिढ्यान् पिढ्या घोड्यांच्या तोबऱ्यात भिजवलेले नाहीतर उकडलेले कुळीथ पडत आलेले आहेत. पण इन्सुलीत हा प्रस्ताव मांडणं सोपं नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, बाजारात ताजी मासळी नाही, घराघरात कुळथाची पिठी आणि सुका बांगडा यांवर पावसाळा काढायचा असतो. भाई डबा घेऊन स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा आत्या चुलीपुढून उठलीच.

“कुळीथ घोड्याक? आणि आमी काय, पेंढो खावचो?”

तो विषय तिथेच संपला.

प्रकरण हाताबाहेर गेलं ते रोयणीमुळे. वाडीच्या वरच्या अंगाला एक मोठी जुनी रोयण आहे. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, रोयण म्हणजे वारूळ. आणि आमच्याकडे वारूळ म्हणजे सातेरी. सिंधुदुर्गात नि गोव्यात कितीतरी गावांत सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजली जाते. एका उघडिपीत बादलोने दावं तोडलं, मेरा सोडल्या, भिंत सोडली, सरळ वर गेला आणि रोयणीला तोंड घातलं. निम्मी वाडी धावली. घोड्याला ओढून आणेपर्यंत त्याने बाजूचा हातभर भाग चाटून गुळगुळीत केला होता.

आता हा प्रश्न पशुवैद्यकाचा राहिला नाही. मानकरी जमले. गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं घालणारे काका एरवी बोलायला लाजतात, पण देवापुढे उभे राहिले की त्यांचा आवाज पार बांद्याला ऐकू जातो.

“बा सातेरी माये, म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान लांबच्या मुलखातसून घोडो हाडलो, पोटासाठी हाडलो...”

“होय म्हाराजा!”

“त्या मुक्या जनावरान तुझ्या आंगाक त्वांड लायला, तेका काय कळता? तेची चूक पदरात घे...”

“होय म्हाराजा!”

“ह्यो तुझो राग आसात तर डावो कळो दी, आणि जनावराचा पोटाचा दुखणा आसात तर उजवो दी!”

“होय म्हाराजा!”

देवीला लावलेल्या कळ्यांकडे सगळे डोळे लावून बसले. बराच वेळ काही पडेना. पाठीमागे बादलो फुरफुरला, आणि उजवा कळा पडला. आजवर घोड्याविषयी वाडीत जेवढी निदानं झाली, त्यांत पहिलं बरोबर निदान सातेरीचं. भाईंनी तिथूनच गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर तरुण, घाटावरचे. त्यांनी आल्याआल्या कुणाचं ऐकून घेतलं नाही, याबद्दल नंतर पुष्कळ नाराजी झाली. ते आधी गव्हाणीत वाकले. पेंढा हातात घेऊन बघितला. कोंडा बघितला. मग विचारलं, “मीठ किती देता?”

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी छताकडे बघू लागले.

मग डॉक्टरांनी एक प्लास्टिकचा लांब मोजा काढला, त्यात ताज्या लिदेचे पाच-सहा गोळे टाकले, वर पाणी ओतलं, चांगलं हलवलं आणि मोजा खुंटीला बोटं खाली करून टांगला. थोड्या वेळाने पाचही बोटांच्या टोकांना तांबडी रेती येऊन बसली. इतका सोपा प्रयोग बघून पोरांना आनंद झाला. नंतर दोन दिवस गावात म्हशी, कुत्रे, कोंबड्या कुणाचीच तपासणी व्हायची राहिली नाही. पुढे डॉक्टर खाली बसले आणि घोड्याच्या छातीच्या हाडामागे, पोटाच्या अगदी तळाला, नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. आतड्यात रेती साठली की तिथे किनाऱ्यावर लाट फुटल्यासारखा आवाज येतो म्हणे. जगभरचे पशुवैद्य हेच वर्णन करतात. भाईंनी नळी मागून घेतली, कानाला लावली आणि गंभीरपणे म्हणाले, “वेंगुर्ला.” खाणवाल्या काकांनी ऐकलं आणि ते म्हणाले, “नाय, शिरोडा. वेंगुर्ल्याक बंदर आसा, थंय लाट अशी फुटना नाय.” लाट कुठली यावर वाद चालू असताना डॉक्टर औषध लिहीत होते.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते एका कागदात मावण्यासारखं होतं. घोड्याचं पोट म्हशीचं नव्हे. म्हशीला चार कप्पे, घोड्याला एकच छोटं जठर. चारा कुजवण्याचं काम पार शेवटी, मोठ्या आतड्यात चालतं. मोकळा घोडा दिवसाचे 14 ते 16 तास चरतो. त्याचं आम्ल जठरात सतत पाझरत असतं, खात असो वा नसो, आणि ते मारणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. उलटी त्याला करताच येत नाही. तेव्हा एकदा पोटात गेलेली रेती ही मागच्याच दाराने निघायची, नाहीतर तिथेच बसून एक दिवस पोटशूळ उठवायची. अशा जनावराला सकाळी-संध्याकाळी पेंढ्याच्या दोन पेंढ्या टाकल्या, तर उरलेल्या वेळात त्याने करायचं काय? तोंड रिकामं, पोट रिकामं, समोर पाऊस. मातीला तोंड लावलं यात त्याची बुद्धीच दिसते.

वजनाच्या शेकडा दीड ते दोन किलो कोरडा चारा रोज लागतो. बादलो चारशे किलोचा धरला तर सहा ते आठ किलो. तोही पेंढ्याचा नव्हे. भाताच्या पेंढ्यात वाळूचाच अंश जास्त, प्रथिनं नावाला. कोंडा तर आणखी घातक. त्यात फॉस्फरस भरमसाट आणि चुना कमी. दिवसेंदिवस तेच घातलं की शरीर हिशेब जुळवायला हाडांतला चुना ओढतं आणि घोड्याचं तोंड सुजायला लागतं. इंग्लंडात हा रोग पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना होई, कारण कोंडा गिरणीवाल्यांकडेच फुकटचा असे. काकूंनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या म्हणजे दिशा बरोबर होती, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

खाणवाल्या काकांचा विषय नाजूक होता. सिडनीच्या संशोधकांनी 2001 साली माती खाणाऱ्या 13 घोड्यांचा अभ्यास छापला. घोडे जिथली माती खात, तिथे शेजारच्या मातीपेक्षा लोह आणि तांबं जास्त सापडलं. काकांनी हे ऐकून खुर्ची पुढे ओढली. पण घोड्याला लोहाची कमतरता पडत नाही. चाऱ्यातूनच त्याला हवं त्याहून जास्त मिळतं, आणि जास्त झालेलं लोह उलट तांबं-जस्त आतड्यात शोषू देत नाही. आणि लोहासाठीच खात असता, तर आमच्या जांभ्याच्या प्रदेशात त्याने मेरा निवडत हिंडायची गरज नव्हती. इथे लोह घराच्या चिऱ्यांत आहे, रस्त्यावर आहे, पावसात धुतलेल्या कपड्यांत आहे. हजारो वर्षांच्या पावसाने चुना, मॅग्नेशियम, सोडियम सगळं वाहून नेलंय आणि मागे उरलंय ते लोखंड नि ॲल्युमिनियम. बादलो आयुष्यभर खानदेशच्या काळ्या, चुनखडीच्या मातीवर उगवलेला ज्वारीचा कडबा खात आला. इथे आल्यावर त्याला जे कमी पडलं, ते इथल्या मातीतही नव्हतं. बिचारा रिकाम्या डब्यात हात घालून शोधत होता. रोयणीचं वेगळं; वाळवी खोलवरची बारीक चिकणमाती वर आणते, तिच्यात क्षार थोडे अधिक असतात, आणि जगभर जनावरं वारुळं चाटायला येतात. वाडीतल्या सगळ्या जमिनीत एकच जागा त्यातल्या त्यात सकस, आणि परक्या मुलखातल्या घोड्याने ती चार दिवसांत शोधून काढली, याचं मानकऱ्यांनासुद्धा नंतर कौतुक वाटलं.

“आणि मीठ,” डॉक्टर म्हणाले. “पाचशे किलोच्या घोड्याला नुसतं बसून खायचं म्हटलं तरी रोज 25 ग्रॅमभर लागतं. तुमच्याकडच्या दमट हवेत घाम येतो, वरातीत नाचतो, त्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट. मीठ द्या. आणि त्याला काही रक्तदाब नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी कुणाकडेही न बघता म्हटलं. गुरुजींना काहीतरी आठवलं आणि ते घरी गेले.

मग कामं वाटली गेली. कडबा आंबोली घाट उतरून आला. इन्सुलीत कडब्याचा ट्रक रिकामा होताना बघायला एवढी गर्दी झाली की कुणाला वाटावं नाटक कंपनी आलीय. चारा जमिनीवर टाकायचा नाही, उंच गव्हाणीत आणि जाळीत. म्हणजे घोड्याने एकेक काडी ओढत दिवस काढावा आणि तोंडाबरोबर माती जाऊ नये. चंदी मोजकी. इसबगोल बांद्यात मिळालं. माणसाला ते चमचाभर पुरतं, चारशे किलोच्या घोड्याला डबा लागतो. दुकानदाराने भाईंना इतके डबे दिले आणि इतक्या सहानुभूतीने बघितलं की भाईंना “घोड्यासाठी हवंय” हे दुकानात मोठ्याने सांगावं लागलं, जे ऐकून सहानुभूती आणखी वाढली. नुसतं चंदीत कालवलेलं इसबगोल फारसं काम करत नाही, नाकातल्या नळीने मॅग्नेशियम सल्फेटबरोबर पोटात सोडलं तर रेती चांगली निघते, असं फिनलंडच्या पशुवैद्यांनी दाखवलंय. म्हणून डॉक्टरांनी ती नळीही घातली. ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांनी आपापली बद्धकोष्ठाची तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली.

फिरवायचंही होतं. भाईंनी माथेरानच्या एका ओळखीच्या घोडेवाल्याला फोन केला. तिथे साडेचारशेच्या वर घोडे आहेत, मोटारींना बंदी, आणि जमीन आमच्यासारखीच तांबडी जांभ्याची. तुमचे घोडे माती खातात का, असं भाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, “दादा, आमच्या घोड्याला माती खायला सवड कुठली?” तेव्हापासून रोज सकाळी बादलोची स्वारी इन्सुली घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागली. महामार्गावर केरळचे ट्रकवाले गाडी हळू करून फोटो काढतात. पांढरा घोडा, वर छत्री धरलेले भाई, मागून काळी म्हैस. म्हैस कशी? तर घोडा कळपाचा प्राणी, त्याला सोबत लागते, आणि बादलोची म्हशीशी एवढी गट्टी जमली होती की तिच्याशिवाय तो पाऊल उचलीना. म्हैस मात्र या व्यायामाने दूध कमी देऊ लागली, आणि त्याबद्दल आत्याचं मत इथे छापण्यासारखं नाही.

मीठ आणायला मी आणि भाई शिरोड्याला गेलो. दुकानातली बारीक मिठाची पिशवी चालली असती. पण मिठाच्या बाबतीत शिरोडं टाळून जाणं बरोबर दिसलं नसतं. 1930 च्या मे महिन्यात याच मिठागरांवर सत्याग्रह झाला, लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. आमच्या घोड्याने मिठासाठी फक्त माती खाल्ली होती. जाड्या मिठाचं पोतं गाडीवर आडवं टाकून आणलं. रोज मूठभर चंदीत, आणि एक मोठा खडा गव्हाणीत चाटायला. पहिल्या दिवशी खडा चाटताना बादलोने डोळे मिटले ते तासभर उघडले नाहीत.

फरक पडला. गणपतीपर्यंत मोज्यातली रेती कमी होत होत एका बोटाच्या टोकावर आली. मेर पुन्हा सरळ झाली, भिंत लिंपली, तोंड पांढरं झालं. भाईंनी तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, अधूनमधून जरासं चाटलं तर काळजी करू नका, धडधाकट घोडेही चाटतात. गुरुजींनी या सगळ्यावर नंतर एकच शेरा मारला की आपण माणसांबद्दल बोलत होतो.

आणि चतुर्थी होऊन चार दिवस झाले नसतील, तोच बादलो पुन्हा माती खाताना सापडला. जरासं चाटत नव्हता. खोदून खात होता. पण आता प्रकार वेगळा होता. मेरेकडे बघत नव्हता, भिंतीकडे नाही, रोयणीकडेही नाही. विहिरीकडचे जे तीन माड आहेत, त्यांच्याच आळ्यांत तोंड घालायचा. चौथ्या माडाशी तो जाईही ना. डॉक्टरांना बोलावलं. ते विहिरीवर बसून विचार करू लागले. चारा पुरेसा, जंत नाहीत, दात ठीक, सोबतीला म्हैस. “मीठ चालू आहे ना?” त्यांनी विचारलं.

“चालू आसा म्हणजे? संपत इला,” भाई म्हणाले.

“संपत आलं?” डॉक्टर उठलेच. “रोज मूठभर म्हणजे एवढं पोतं वर्षभर पुरायला हवं. किती घालता तुम्ही?”

भाईंनी मूठ दाखवली. मूठ बेताचीच होती. मग पोतं कुठे गेलं? सगळ्यांच्या माना हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. आत्या दारातच उभी होती, पदराला हात पुसत. पाऊस जरा ओसरला की माडाच्या आळ्यात मीठ घालायचं, ही कोकणातली जुनी रीत. ती अडाणीही नव्हे. माडाला क्लोराइड मानवतं, फिलिपिन्समध्ये तर सरकारच माडाला मीठ घालायची शिफारस करतं. आत्याने घरात पोतं पाहिलं, आळी पाहिली, आणि तीन माडांचं उरकून घेतलं. चौथ्याच्या वेळी पाऊस आला.

“आये, ता घोड्याचा मीठ होता!” भाई ओरडले.

“मगे?” आत्या म्हणाली. “नारळ काय घोडो देतलो?”